शिपायाचा पगार



मराठ्यांचे राज्य का बुडाले, हा प्रश्न आपल्याकडे जितक्या वेळा विचारला गेला असेल तितका इतिहासातला दुसरा प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल. त्याची तीन उत्तरे आपल्या तोंडी अगदी बसून गेली आहेत. एक, फितुरी झाली. दुसरे, मराठ्यांनी आपला गनिमी कावा टाकून फिरंग्यांची कवायत उचलली आणि हंसाची चाल चालू पाहणाऱ्या कावळ्याची गत झाली. तिसरे, इंग्रजांच्या तोफाबंदुकाच सरस होत्या, तेव्हा शौर्याचे काय चालणार? ही तिन्ही उत्तरे अगदी खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती रणांगणावर उभे राहून दिलेली उत्तरे आहेत. आज आम्ही श्रोत्यांना रणांगणावरून थोडे मागे, जेथे बक्षी हजिरी घेत बसलेला आहे आणि शिपाई आपल्या चढलेल्या पगारासाठी दारात बसून आहे, तेथे नेऊ इच्छितो. शिपायाला पगार कोण देतो, तो कोठून आणतो आणि वेळेवर देतो की नाही, एवढे तीन साधे प्रश्न हाती धरले तर इंग्रज-मराठे युद्धांचा बराचसा गुंता उलगडतो असे आम्हांस वाटते.

शिलेदार आणि बारगीर

जुन्या मराठी फौजेचा कणा घोडदळ होते. त्यात स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारच्या किंवा सरदाराच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. या दोन शब्दांत त्या काळची अर्धी समाजरचना आलेली आहे. शिलेदाराचे सारे भांडवल म्हणजे त्याचा घोडा. घोडा पडला की शिलेदाराचा बारगीर होई. मान गेला, पगार उतरला आणि घरचे कर्ज तेवढे राहिले. तेव्हा तोफांच्या तोंडावर घोडा घालण्यास हा मनुष्य कचरत असेल, तर त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी आपण त्याच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे. आपले शेत गहाण टाकून घेतलेला घोडा कोण सुखासुखी मरू देईल?

हा शिलेदार बहुधा शेतकरी कुटुंबातला. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघावे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घरी परतावे, असा त्याचा क्रम. सरदारांना फौज ठेवण्यासाठी सरंजाम दिलेला असे. म्हणजे अमुक परगण्याचा वसूल घ्यावा आणि अमुक स्वार चाकरीस हजर करावेत. या पद्धतीत सरकारच्या खजिन्यातून दरमहा रोख रक्कम बाहेर पडण्याचे कारण फारसे नसे. फौजेचा खर्च मुलखावर आणि हंगामांवर पसरलेला असे. पगार थकत नसे असे नाही, वरचेवर थके. पण थकला तरी घरची जमीन होती, लुटीचा वाटा होता, आणि पुढच्या मोहिमेची आशा होती.

या फौजेने इंग्रजांना पाणी पाजले नाही असे मात्र नाही. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावाला गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज घाट चढून तळेगावापर्यंत आली. समोर गाव जाळून ओसाड केलेले, चारा नाही, दाणा नाही आणि चहूकडे मराठी स्वार. इंग्रज माघारी वळले आणि वडगावला शरण येऊन तह करून सुटले. हा विजय आपण अभिमानाने सांगतो, आणि तो सांगण्यासारखा आहेच. मात्र तळेगाव जाळले गेले तेव्हा ती घरे कोणाची होती, हेही त्याबरोबर आठवले पाहिजे. शत्रूला उपाशी मारण्याची युक्ती आपल्याच रयतेच्या चुलीतून जाते. गनिमी कावा फुकट पडत नव्हता; त्याची किंमत खजिन्यात न दिसता गावात दिसत होती, इतकेच.

गारदी आणि कंपू

कवायती पायदळाची ओढ मराठ्यांना इंग्रजांकडून पराभव झाल्यावर लागली असा एक समज आहे. वस्तुतः ती त्याआधीची आहे. दक्षिणेत फ्रेंचांनी शिकवलेल्या पलटणींची करामत मराठ्यांनी पाहिली होती, आणि त्या पठडीतला इब्राहिमखान गारदी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने अखेरपर्यंत लढला. परंतु आपल्या भाषेत ‘गारदी’ या शब्दाला इब्राहिमखानाची निष्ठा चिकटली नाही. चिकटला तो ३० ऑगस्ट १७७३ चा दिवस. त्या दिवशी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कटाची सूत्रे इतरांच्या हाती होती हे सर्वश्रुत आहे. पण सुमेरसिंगाचे गारदी वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराचा गलका करीत, आणि त्या गलक्याचे कोणास फारसे आश्चर्य वाटले नाही, ही गोष्ट आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पगारासाठी शिपायांनी दंगा करणे इतके नित्याचे झाले होते की त्याच्या आड खून लपू शकला.

याच काळातला दुसरा शब्द म्हणजे ‘धरणे’. पगार थकला की शिपाई सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे धरून बसत. मोठमोठ्या सरदारांवरही असे प्रसंग आले. आज कचेऱ्यांपुढे धरणे धरणाऱ्यांना आपण कोणाचा वारसा चालवीत आहोत याची बहुधा कल्पना नसते.

कवायती फौजेचा खरा डाव मांडला तो महादजी शिंद्यांनी. मे १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर त्यांनी उत्तरेकडे लक्ष घातले आणि १७८४ साली सव्हॉयचा एक लष्करी गृहस्थ, बन्वा द ब्वान्य, नोकरीस ठेवला. आपल्या कागदांत आणि तोंडात त्याचा ‘डिबॉईन’ झाला. १७८७ साली लालसोट येथे जयपूरकरांशी गाठ पडली तेव्हा महादजींकडे जुन्या मोगली पलटणी बऱ्याच होत्या, पण त्यांचा पगार थकलेला होता. हमदानी आधीच शत्रूला मिळाला होता. त्याच्या पाठोपाठ या पलटणीही तोफांसकट निघून गेल्या. महादजींसारख्या पुरुषाला माघार घ्यावी लागली ती तलवारीच्या कमतरतेमुळे नव्हे. थैली रिकामी होती.

या धड्याचा महादजींनी जो उपयोग केला त्यात त्यांचे मोठेपण आहे. डिबॉईनच्या पलटणींचा खर्च चालवण्यासाठी गंगायमुनांच्या दुआबातला सुपीक मुलूख त्यांनी तोडून दिला. वसूल थेट फौजेच्या कामी यायचा आणि पगार दरमहा व्हायचा. जखमींना भरपाई आणि कायमचे निकामी झालेल्यांना निर्वाहाची सोय, हेही त्या व्यवस्थेत होते. आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. पुढे दहा-दहा पलटणींच्या तीन ब्रिगेडी उभ्या राहिल्या. डिबॉईनच्या पलटणींनी १७९० साली पाटण आणि मेडता येथे राजपुतांचा मोड केला, आणि १ जून १७९३ रोजी लाखेरीस तर होळकरांच्या मराठी फौजेचाच धुव्वा उडवला. मराठी भाषेत ‘कंपू’ हा शब्द रुळला तो या फौजेमुळे. आज आपण चारदोन टवाळांच्या टोळक्याला कंपू म्हणतो; त्या वेळी या शब्दाने दिल्लीपासून जयपूरपर्यंत राजेरजवाडे दचकत असत.

हंगामी खर्च आणि बारमाही खर्च

मग बिघडले कोठे? श्रोत्यांनी येथे दोन फौजांच्या खर्चाची तुलना करून पाहावी. घोडदळाचा खर्च हंगामी, पायदळाचा आणि तोफखान्याचा बारमाही. कंपूतला शिपाई पुण्या-साताऱ्याचा शेतकरी नव्हता. तो बहुतांशी अवध-बिहारकडचा पुरभय्या, रोहिला किंवा हिंदुस्थानातला दुसरा कोणी पोटार्थी शिपाईगडी होता. त्याचे शेत शेकडो कोस दूर. त्याला घरी परतण्याचा पावसाळा नाही. दर महिन्याला रोख मिळाले तरच त्याची चूल पेटणार. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात शिपाईगिरीचा मोठा बाजारच भरलेला होता, आणि चांगला व नियमित पगार देईल त्याच्याकडे हा शिपाई जात असे. त्यात त्याला बेइमानी वाटत नसे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासाठी तो जीव देई. पण मीठ मिळाले पाहिजे, ही त्याची अट होती.

अशी फौज ठेवायची तर राज्याचा वसूलही तसाच बांधलेला हवा. महादजींनी एका मुलखापुरती ती बांधणी केली. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस त्यांचा अंत झाला, आणि सारा भार तरुण दौलतरावावर आला. १७९५ च्या मार्चात खर्ड्यावर निजामाविरुद्ध सर्व मराठे सरदार शेवटचे एकत्र आले. त्यानंतर दौलतराव कंपूंसह पुण्यातच ठाण मांडून बसला. दुआबातला वसूल तिकडच्या पलटणींना, इकडच्यांना पगार कोठून द्यायचा? दुसऱ्या बाजीरावाने गादीच्या मोबदल्यात दोन कोट रुपये कबूल केले होते. ते त्याच्याजवळ नव्हते. त्याने उलट, शहरातून वसूल करून घ्या असे सांगितले. १७९८ साली दौलतरावाचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्यातल्या सावकारांना आणि कारभाऱ्यांना धरून, छळून, तापलेल्या तोफांना बांधून पैसे उकळले. ही हकीकत आपण सर्जेरावाच्या दुष्टपणाची म्हणून सांगतो. तो दुष्ट होताच. परंतु त्या दुष्टपणाच्या मागे पगार थकलेली फौज उभी होती, हे आपण विसरतो. फौज आपल्याच राजधानीवर जगू लागली की राज्याचे आयुष्य मोजके राहते. ज्या सावकाराच्या पेढीवर लढाईचा पैसा उभा राहायचा त्याच सावकाराला तोफेला बांधल्यावर पुढच्या लढाईला कर्ज कोण देणार?

यात आणखी एक सामाजिक दोष होता. पलटणींवर अंमलदार कोण? बहुतेक सारे युरोपियन. मराठा सरदाराच्या पोराला खोगिरावरच मान वाटे. पायी चालणाऱ्या पलटणीची कवायत घेणे त्याला हलके वाटे. तोफखान्यावर पानशांसारखे घराणे पिढ्यान्‌पिढ्या राबले, पण कंपूंसाठी आपल्यातून अंमलदार तयार करणारी एकही शाळा निघाली नाही. शिपाई आमचा नव्हे, अंमलदार आमचा नव्हे, तोफ तेवढी आमची, अशी ती स्थिती होती.

असईचा दिवस

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून तैनाती फौज त्याने घरात घेतली. त्यातून पुढच्या वर्षी युद्ध उद्भवले. ऑगस्टात आर्थर वेलस्लीने अहमदनगर घेतले, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाशी शिंदे-भोसल्यांची गाठ पडली.

त्या दिवशीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. केळणा नदीला जवळपास उतार नाही असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला पलीकडच्या काठावर एक गाव आणि अलीकडे त्यासमोर दुसरे गाव दिसले. दोन गावे अशी समोरासमोर वसली असतील तर मध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. आपल्या देशातली साधी गोष्ट परक्याने ओळखली आणि आपल्या छावणीने तो उतार राखला नाही, हे शल्य आहे खरे. पण यापुढची गोष्ट आपण सहसा सांगत नाही. इंग्रज बाजूने नदी उतरले असे दिसताच शिंद्यांच्या पलटणींनी तोफांसकट आपली सारी फळी फिरवून नव्या दिशेला तोंड केले. भर लढाईच्या तोंडावर असे वळण घेणे हे कवायतीतले अत्यंत अवघड काम. युरोपातल्या नामांकित फौजेलाही ते भूषण झाले असते. त्या वेळी दौलतराव आणि रघूजी भोसले मात्र या पलटणींच्या पाठीशी राहिले नाहीत. हुकूम चालत होता तो पोलमन नावाच्या हॅनोव्हरकडच्या माणसाचा.

मराठी तोफांनी इंग्रजांची अशी दाणादाण उडवली की प्रत्यक्ष लढाईत उतरलेल्या माणसांपैकी सुमारे तिसरा हिस्सा ठार किंवा जखमी झाला. गोलंदाज आपल्या तोफांपाशीच पडले. मेल्याचे सोंग घेऊन काही जण शत्रूची फळी पुढे गेल्यावर उठले आणि त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. सुमारे शंभर तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८१५ साली त्याने वॉटर्लूवर नेपोलियनला हरवले; तरी उतारवयात, आपण लढाईतले सर्वांत उत्तम काम कोणते केले असे विचारता त्याने असईचे नाव घेतले. तेव्हा आमची हत्यारे निकृष्ट होती, या तिसऱ्या उत्तराला येथेच निरोप द्यावा हे बरे. अलीकडे रँडॉल्फ कूपर या अभ्यासकाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हीच बाजू मोठ्या तपशिलाने मांडली आहे.

उत्तरेत काय झाले तेही पाहावे. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला : शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या अंमलदारांची आम्ही सोय लावू. अनेक जण निघून गेले. डिबॉईनच्या जागी आलेला पेराँ आपली मिळकत सांभाळून इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला. त्याच्या दरवाजाची वाट इंग्रजांना दाखवणारा ल्यूकन हा थोड्याच दिवसांपूर्वी शिंद्यांचे मीठ खात होता. ११ सप्टेंबरला दिल्ली गेली. १ नोव्हेंबरला लासवारीस उरलेल्या पलटणी, त्यांचे युरोपियन अंमलदार बहुतेक सोडून गेलेले असता, इतक्या निकराने लढल्या की सेनापती लेकने आपल्या पत्रात त्यांच्या शौर्याची कबुली दिली आणि त्यांच्यावर चांगले अंमलदार असते तर निकाल काय लागला असता याची शंकाही बोलून दाखवली. आता यात फितुरी कोणाची? साधा शिपाई तोफेशी मेला. ज्याला मोठा पगार होता तो गेला.

याच युद्धात वेलस्लीच्या बाजूने पेशव्यांचे म्हणून जे मराठी स्वार होते त्यांत बापू गोखले होते. हेच बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीच्या लढाईत इंग्रजांशी लढता लढता पडले. इतिहासातल्या माणसांना देशभक्त आणि देशद्रोही अशा दोन पंगतींत बसवणाऱ्यांनी त्यांचे पान कोठे मांडायचे ते ठरवावे.

एक आक्षेप

येथे कोणी म्हणेल, कवायत सोडून जुनीच रीत धरली असती तर? यशवंतराव होळकराने तसे करून पाहिले. आपल्या चाकरीतल्या तिघा इंग्रज अंमलदारांची त्याने १८०४ साली गर्दन मारली, आणि मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पावसापाण्यात कर्नल मॉन्सनचा पाठलाग करून त्याची फौज धुळीस मिळवली. १८०५ च्या आरंभी भरतपुरापुढे लेकचे चार हल्ले फसले आणि त्याची तीन हजारांहून अधिक माणसे ठार किंवा जखमी झाली. इंग्रजांची घमेंड उतरली यात शंका नाही. परंतु होळकराचा मुलूख दरम्यान हातचा गेला, आणि मुलूख गेला की घोड्याला दाणाही मिळेना. १८०५ च्या डिसेंबरात त्याला तह करावा लागला. आणि गनिमी काव्याचा हा कसलेला गडी अखेरच्या दिवसांत काय करीत होता? भानपुऱ्यास तोफा ओतीत होता! १८११ साली तेथेच तो वारला. तोफांवाचून गत्यंतर नाही हे त्याला आपल्याकडच्या पुष्कळ पंडितांआधी समजले होते.

मग कंपनीजवळ असे काय होते? सद्गुण होते असे आम्ही समजत नाही. कंपनीच्या शिपायांनीही बंडे केली. १८०६ साली वेलोरला आणि १८२४ साली बराकपूरला काय झाले ते प्रसिद्ध आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड घेताना इंग्रजांनी केलेली कत्तलही विसरण्यासारखी नाही. कंपनीजवळ होता तो १७६५ पासून हाती आलेला बंगालचा बांधलेला वसूल, आणि त्या वसुलाच्या जोरावर उभी राहिलेली पत. सुरतेच्या आणि बनारसच्या आपल्याच सावकारांनी तिच्या हुंड्या स्वीकारल्या आणि तिला कर्जे दिली. वेलस्लीबंधूंच्या युद्धांनी कंपनीचे कर्ज जवळजवळ दुप्पट झाले; पण तिला कर्ज मिळत होते, ही खरी गोष्ट. आमचे राज्यकर्ते सावकाराला तोफेला बांधीत होते, कंपनी त्याला व्याज देत होती. शिपाई कोणाकडे टिकेल हे सांगायला ज्योतिषी नको.

गावाकडे काय झाले

या साऱ्यात गावाचे काय झाले हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही. हजारो घोडी, बैल आणि माणसे एका परगण्यातून गेली की मागे कडबा राहत नसे. दोन्ही बाजूंच्या फौजांना धान्य पुरवणारे वंजारी-लमाणांचे तांडे हे त्या काळचे खरे रसदखाते. वेलस्लीचा सारा भरवसा बैलांवर आणि या तांड्यांवर होता. होळकराच्या आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी उजाड झालेल्या दख्खनवर १८०३ साली पाऊसही रुसला आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. पुणे-नगराकडे गावेच्या गावे ओस पडली, माणसे अन्नासाठी वणवण भटकत मेली. लढायांच्या यादीत या मृतांची गणती कोठेच नाही. असईला पडलेल्यांचा हिशेब दोन्ही बाजूंनी लागला. त्याच वर्षी भुकेने मेलेल्या कुणब्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

१८१७-१८ च्या शेवटच्या युद्धाची हकीकत श्रोत्यांना पाठ आहे. ती आम्ही उगाळीत नाही. खडकी, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव, अष्टी, आणि ३ जून १८१८ रोजी बाजीरावाची शरणागती. त्याला वर्षाला आठ लाखांची नेमणूक मिळाली आणि तो ब्रह्मावर्तास गेला. पेशव्याची सोय झाली. शिलेदाराची कोणी करावी?

दसऱ्याला निघणारा स्वार आता घरीच बसला. थोडे लोक इंग्रजांच्या रिसाल्यात गेले, बाकीच्यांनी नांगर धरला किंवा घोडा विकून तो पैसा खाल्ला. फौज आणि दरबार गेल्यामुळे हत्यारे करणारे, खोगिरे शिवणारे, जरीचे काम करणारे यांचे गिऱ्हाईक गेले. धान्याला फौजेची मागणी उरली नाही, भाव पडले. त्यात रोख साऱ्याचा तगादा, आणि प्रिंगलची आकारणी तर इतकी भारी पडली की १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांना नव्याने सुरुवात करावी लागली. किल्ल्यांची राखण गेलेले रामोशी उमाजी नाइकाभोवती जमले. १८३२ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्याला फाशी देण्यात आले. १८४४ साली कोल्हापूरकडे सामानगड-पन्हाळ्याचे गडकरी उठले. या उठावांना आपण स्वातंत्र्याची धडपड म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या मुळाशी पिढीजात चाकरी आणि तिची जमीन तुटल्याची वेदना होती हेही ध्यानात ठेवावे.

आणि या चित्राला दुसरी एक बाजू आहे. ती सांगताना काही श्रोत्यांना अवघड वाटेल, पण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांना गावात वेशीबाहेर राहावे लागत होते त्या महार समाजातल्या पुष्कळ तरुणांना कंपनीच्या मुंबईकडच्या पलटणींत जागा मिळाली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या पलटणीत ते होते, आणि तेथील स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत त्यांची नावे आहेत. त्यांनी पेशव्यांविरुद्ध बंदूक का धरली, हा प्रश्न विचारणाऱ्याने पेशवाईतल्या त्यांच्या स्थितीचा प्रश्न आधी विचारावा. इंग्रज तरी त्यांचे कायमचे सोयरे होते काय? १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली; गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज करावा लागला. काम झाल्यावर शिपायाला विसरणे ही कोणा एका राज्याची मक्तेदारी नव्हे. पण पलटणीतल्या नोकरीबरोबर शाळा आली, वाचणेलिहिणे आले. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांच्या मुलखात इंग्रजांची महू येथे छावणी पडली. त्याच छावणीत १८९१ साली सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. महिदपूरला जे राज्य हरले त्याच्या हिशेबात ही जमेची बाजू कोणी धरली नव्हती.

उपसंहार

शिपाई शूर होता. असईला होता, लासवारीला होता, आणि दोन्ही बाजूंना होता. तोफाही चांगल्या होत्या. उणे पडले ते शिपायाच्या आणि राज्याच्या मधल्या नात्यात. वसूल बांधलेला नाही, सावकाराचा विश्वास नाही, अंमलदार आपल्यातला नाही आणि वेशीबाहेरच्या माणसाला राज्य आपले वाटावे असे काही केलेले नाही, अशा स्थितीत नुसत्या शौर्यावर राज्य किती दिवस चालणार?

महादजींना हे अर्धे उमगले होते. पूर्ण उमगण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले असते तर काय झाले असते, असा प्रश्न व्याख्यान संपल्यावर कोणीतरी विचारील. त्याचे उत्तर आम्ही देऊ शकत नाही. आम्ही एवढेच सुचवू की यापुढे असईला जाणाऱ्याने दोन नद्यांच्या मधल्या त्या रानात उभे राहून कोण जिंकले, कोण हरले याच्या पलीकडचे थोडे आठवावे. तेथे पडलेल्या गोलंदाजाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याचा किती महिन्यांचा पगार चढला होता तेही ठाऊक नाही. तरी तो तोफ सोडून गेला नाही. ते देणे मराठ्यांच्या राज्याकडून राहिले ते राहिलेच. निदान त्याची नोंद ठेवणे आपल्या हाती आहे.